बिराजदार सरांची दिवेलागण

दिवेलागणीची वेळ झाली की बिराजदार सर घराच्या दारात येऊन उभे राहतात. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, दोन्ही हात चौकटीला टेकलेले आणि तोंड वर आभाळाकडे. पश्चिमेची लाली विटत जाते, समोरच्या लिंबावर कावळ्यांची जागेवरून भांडणं चालू असतात, आणि सर हलत नाहीत. फक्त ओठ हलतात. "उचलायलंय," ते म्हणतात. थोड्या वेळानं पुन्हा, "उचलायलंय अजून." आणि पुरता अंधार पडायच्या जरा आधी, डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं, "उचललं."

गल्लीत नवीन आलेला माणूस हे बघून थांबतो. तोही वर बघतो. वर काहीच नसतं.

जुन्या लोकांना आता याचं काही वाटत नाही. समोरच्या जाधव काकूंचं म्हणणं असं की तिन्हीसांजेला उंबऱ्यावर उभं राहू नये हे शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईलाही कळतं, आणि हा माणूस कॉलेजात शिकवून रिटायर झाला. कोपऱ्यावरच्या पानटपरीवर त्यांना 'आभाळ सर' म्हणतात. आभाळ सर उभारले का, असं टपरीवाला आतून विचारतो, त्याचा भाऊ उभारले म्हणतो, मग टपरीतला दिवा लागतो. रोज तेच बोलतात आणि रोज तितकंच हसतात.

हे सरांच्या कानावर जात नसेल असं मला वाटायचं, म्हणून एकदा मी भीत भीत सांगितलं. सरांनी चष्मा पुसला. "मला म्हणतेत ना? मग म्हणू दे की."

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. माझं गाव जळकोट. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, आणि आता एम. एस्सी. म्हणजे घरच्यांना मी नक्की काय शिकते हे सांगणंही अवघड झालंय. खोली बघायला वडील आले होते. त्यासाठी त्यांनी हायवेवरचं पंक्चरचं दुकान दिवसभर बंद ठेवलं होतं. पाणी कधी येतं, दार कधी बंद होतं, असले प्रश्न ते वाटभर पाठ करत आले होते. पण त्याआधी सरांनीच त्यांना विचारलं, जळकोटला संध्याकाळी आभाळ कसं असतं. वडील गडबडले. सगळीकडं असतं तसंच की सर, असं काहीतरी म्हणाले. सर म्हणाले, सगळीकडं सारखं नसतं. आणि पाण्याचा प्रश्न राहूनच गेला. परत जाताना स्टँडवर वडील मला म्हणाले, "माणूस सज्जन हाय. पर संध्याकाळी तू आपल्या खोलीतच बस."

मी तसंच केलं. पहिल्याच संध्याकाळी मी खोलीत पुस्तक घेऊन बसले होते, दिवा अजून लावला नव्हता. जिन्यावर बांगड्या वाजल्या आणि दारात सरांच्या बायको, गौरा काकू, येऊन उभ्या राहिल्या. दुपारी त्यांनीच मला खोली झाडून दिली होती, चादर दिली होती. आता त्यांनी केस नीट बांधले होते, चांगलं लुगडं नेसलं होतं आणि हातात कापडी पिशवी होती. माझ्याकडं त्या अनोळखी माणसाकडं बघावं तशा बघत होत्या.

"तूबी गाडीला थांबलीस का?" त्यांनी विचारलं.

मी नुसती मान हलवली. त्या जवळ आल्या, खाटेच्या कडेला बसल्या आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "खाली दारात एक म्हातारा उभारलाय. रोज ह्याच टायमाला येतो. तुला दिसतो का गं?"

मी गॅलरीतून वाकून बघितलं. खाली सरांचं टक्कल आणि उंबऱ्याबाहेर आलेला एक पाय दिसत होता. दिसतो म्हणावं की दिसत नाही म्हणावं, मला कळेना.

"दिसतो," मी म्हणाले.

काकूंनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं बाई. मला वाटलं मलाच दिसतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी खाली गेले तर काकू चुलीपाशी होत्या, आणि त्यांनी मला गरम भाकरीवर लोणी घालून दिलं. वर डास आहेत का, आमच्या ह्यांच्या मशीनच्या आवाजाचा त्रास झाला का, असं सगळं विचारलं. 'आमचे हे' म्हणताना पदर सारखा केला. कालचं काहीच त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं.

सरांनी मला परसात बोलावून सांगितलं. त्यांना सांगायला वेळ लागला. डॉक्टरांनी विसरण्याचा आजार म्हटलंय. दिवसा बऱ्या असतात, दिवस मावळायला लागला की त्यांना हे घर परकं होतं. मग त्यांना माहेरी जायचं असतं, आळंदला, सीमेपलीकडं कर्नाटकात. तिथं आता कुणी नाही, घरही विकलं गेलंय, पण हे संध्याकाळी सांगून उपयोग नसतो. दोनदा त्या कुणाला न कळता बाहेर पडल्या. दुसऱ्यांदा हायवेच्या कडेनं चालताना सापडल्या, ट्रकांच्या उजेडात, पिशवी छातीशी धरून.

त्यांचा मुलगा महेश पुण्यात असतो. वाईट माणूस नाही, रोज संध्याकाळी फोन करतो. त्यानं तिथं अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था बघून ठेवली आहे. मी राहायला आल्यावर लवकरच तो दोन दिवसांसाठी आला आणि त्यानं दाराला वर, काकूंचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, नवी कडी बसवली.

त्या संध्याकाळी मी जिन्यात होते. काकूंनी दार ओढून बघितलं. उघडेना तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या खाली बसल्या, दाराला कान लावला आणि कन्नडमध्ये हळूहळू बोलायला लागल्या. "बागला तगी, अव्वा. बागला तगी." म्हणजे दार उघड, आई. एकदा म्हणायच्या आणि थांबायच्या. पलीकडून कुणीतरी बोलतंय आणि आपण ऐकून घेतोय, असं थांबायच्या. मग होकाराची मान हलवायच्या आणि पुन्हा म्हणायच्या. दाराच्या पलीकडं रस्त्यावर कुणीही नव्हतं, हे मला गॅलरीतून दिसलं होतं. तरीही मला त्या दाराकडं बघवेना.

सर आतून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले आणि त्यांनी स्टुलावर चढून कडी काढून टाकली. महेश बघत राहिला. तो आवाज न चढवता म्हणाला, "बाबा, आणखी एकदा आई बाहेर गेली तर मी विचारणार नाही. गाडी घेऊन येईन आणि घेऊन जाईन."

सर स्टुलावरूनच म्हणाले, "तिथं तिच्याशी कन्नड कोण बोलंल?"

एवढाच त्यांचा मुद्दा होता. दुसरा त्यांच्याजवळ नव्हता.

आता त्या मशीनचं सांगायला हवं, कारण गल्लीत सरांची जी कीर्ती आहे ती निम्मी दारात उभं राहण्यानं झाली आणि निम्मी त्या आवाजानं. स्वयंपाकघराला लागून एक लहान खोली आहे. तिथं दोन जुने कॉम्प्युटर समोरासमोर ठेवलेले आहेत. एकाला सर वरचा मजला म्हणतात, दुसऱ्याला खालचा मजला.

सरांनी मला जसं समजावलं तसं सांगते. सूर्याकडून विजेच्या कणांचा वारा सतत येत असतो. पृथ्वी हा एक मोठा चुंबक, त्याचं क्षेत्र या वाऱ्याला अडवतं आणि त्यात खूप वर, लांबवर, प्रवाह सुरू होतात. हा वरचा मजला. आपल्या डोक्यावर शंभर-दोनशे मैलांत हवा विरळ होते आणि उन्हानं तिच्यात वीज वाहायला लागते, तो खालचा मजला. चुंबकाच्या रेषा जिन्यासारख्या या दोघांना जोडतात. वरून प्रवाह त्या जिन्यानं ध्रुवांपाशी खाली उतरतो, खालच्या मजल्यावर पसरतो आणि दुसऱ्या जिन्यानं परत वर जातो. सरांनी ही सगळी व्यवस्था गणितात लिहून दोन कॉम्प्युटरवर चालवायला ठेवली आहे. वरचा खालच्याला सांगतो, इतका प्रवाह पाठवलाय. खालचा हिशेब करून वरच्याला कळवतो, मग माझ्याकडं इतका दाब तयार झालाय. तो आकडा मिळाल्यावर वरचा पुढचं पाऊल टाकतो.

"एकमेकाला विचारल्याशिवाय पुढं जायचं न्हाय," सर म्हणतात. हे ते विद्यार्थ्यांना म्हणायचे, मला म्हणतात, आणि भाजीत मीठ घालताना काकूंनाही म्हणतात.

आवाजाचं कारण साधं आहे. असं गणित चालता चालता कधी बिघडतं. एखादा आकडा वाढायला लागतो आणि बघता बघता सगळं भलतंच होऊन बसतं. त्यावर नजर ठेवायला माणूस लागतो, आणि सरांना तर स्वयंपाकही करायचा असतो, काकूंकडंही बघायचं असतं. म्हणून त्यांनी खालच्या मजल्यावरच्या दाबाचा आवाज केला. सगळं ठीक असलं की कुणी लांब विहिरीत तोंड घालून हुंकार भरतंय असं ऐकू येतं. गणित बिघडायला लागलं की आवाज चढत जातो, आणि शेवटी एखाद्या बाईनं किंकाळी फोडावी तसा फाटतो. सर तेव्हा हातातली पळी ठेवून धावत जातात. त्यांच्या दृष्टीनं ही सोय आहे. गल्लीच्या दृष्टीनं त्या घरात कुणीतरी आहे.

जाधव काकूंनी त्या बाजूच्या खिडकीला लिंबू-मिरची बांधली आहे. पण खरी गंमत पवारांची. तुकाराम पवार हे एसटीतले रिटायर कंडक्टर, आमच्या शेजारचे. त्यांचे वडील वारले, दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. नातेवाईक उन्हात ताटकळले, ज्याला जे सुचेल ते कबूल करून झालं, कावळे लांब बसून बघत राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले, पण पवारांच्या मनातून ते जाईना. ते दुसऱ्या दिवशी सरांकडं आले, चप्पल बाहेर काढली, त्या खोलीच्या दाराशी हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, सर, तुमचं वर बोलणं असतं. आमच्या आबांचं काय राहिलंय तेवढं विचारा.

सर चिडले. मी त्यांना तेवढं एकदाच चिडलेलं बघितलंय. वर कुणी नसतं, वर फक्त प्रवाह असतो, असं त्यांनी पवारांना पाऊण तास समजावलं. खडूनं फरशीवर पृथ्वी काढली, रेषा काढल्या. धाराशिवातून निघणारी रेषा कमान करून दक्षिणेला जाते आणि विषुववृत्ताच्या पलीकडं भर समुद्रात उतरते, तिथं बेटसुद्धा नाही, हेही दाखवलं. मशीन मागं हुंकार भरत होतं. पवार सगळं ऐकून पाया पडले. घरी जाऊन त्यांनी सांगितलं की आबा प्रवाहात आहेत, समुद्राच्या बाजूला गेलेत, काळजीचं कारण नाही. त्या घरात त्या दिवसापासून खरंच बरं वाटायला लागलं. सरांना हे कळल्यावर ते बराच वेळ फरशीवरची पृथ्वी ओल्या फडक्यानं पुसत बसले.

माझा प्रकल्प सरांच्या याच कामावर आहे. दिवस मावळताना आपल्याकडं वर काय होतं, हा त्याचा विषय. खालच्या मजल्यातही विजेचे दोन थर असतात, ऊन गेलं की त्यांतला खालचा थर विरून जातो. वरचा थर राहतो, आणि त्याच वेळी एकदम वर उचलला जातो. हेच ते उचलणं. एरवी ध्रुवांकडची गडबड आपल्यापर्यंत पोचत नाही, कारण आतल्या बाजूला प्रवाहांचं एक कवच असतं. पण वरची स्थिती अचानक बदलली की कवचाला सावरायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात ते सगळं थेट आपल्या डोक्यावर येतं. अशी गडबड नेमकी दिवेलागणीला आली तर उचलणं भलतंच वाढतं. सरांचं गणित या जागी नेहमी बिघडायचं. मी ते तपासायचं होतं.

तपासता तपासता माझ्या मनात एक शंका आली. मला शंका विचारायला धीर लागतो, म्हणून काही दिवस तशीच राहिली. मशीनमधला सूर्य आकड्यांनी मावळतो. आम्ही तो सकाळी दहा वाजताही मावळवतो. वरचा थर डोळ्यांना दिसत नाही, तो उचलला जातानाही दिसत नाही. मग सर रोज दारात उभे राहून काय बघतात?

विचारलं तेव्हा सर म्हणाले, नुसत्या आकड्यांवर विसंबू नये. मी बरं म्हणाले. पण ते उत्तर त्यांनी माझ्याकडं न बघता दिलं होतं.

मग एकदा मी त्या वेळी परसात कपडे काढायला गेले आणि मागच्या दारानं आत आले. एरवी मी सरांना वरून किंवा रस्त्यावरून बघायची. आतून कधी बघितलं नव्हतं. घरात अजून दिवा नव्हता. उघड्या दाराच्या चौकटीत बाहेरचा तांबूस उजेड आणि त्यात हात पसरून उभी असलेली एक काळी आकृती. चेहरा दिसत नव्हता. बाजूच्या खोलीतून तो हुंकार येत होता. मी सरांना ओळखते, तरी माझ्या अंगावर काटा आला.

माझ्याजवळून काकू गेल्या. हातात पिशवी. दारापासून चार हातांवर त्यांनी ती आकृती बघितली आणि थांबल्या. पदर डोक्यावर घेतला.

"कोण हाय?" सरांनी मागं न बघता विचारलं.

"मी. मला गाडीला जायचंय."

"बाई, जरा थांबा. आभाळ उचलायलंय. ह्या टायमाला निघू नये."

"तुम्ही कोण?"

"मला हितं बघायला ठेवलंय."

काकूंनी जरा विचार केला. मग "बरं" म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या, पिशवी मांडीवर. परका पुरुष दारात उभा आहे, तोही वयानं मोठा, आणि अंग चोरूनही त्याच्या बाजूनं जाता येणार नाही. अशा माणसाला बाजूला हो म्हणणं काकूंच्या रीतीत बसत नाही. त्या वाट बघत राहिल्या. अधूनमधून सर वर्दी दिल्यासारखं "उचलायलंय अजून" म्हणायचे, आणि काकू मान डोलवायच्या. बाहेर पुरता अंधार पडला, सर "उचललं" म्हणाले. काकूंनी इकडंतिकडं बघितलं, मांडीवर पिशवी कशाला आहे ते त्यांना आठवेना. ती बाजूला ठेवून त्या उठल्या आणि दिवा लावून म्हणाल्या, "आमचे हे आले न्हाईत का अजून? चहा टाकायचा होता."

सर चौकटीवरून हात काढून आत आले. "आलो की," म्हणाले.

मी परसात परत गेले आणि वाळलेले कपडे पुन्हा दोरीवर टाकून पुन्हा काढले.

दुसऱ्या दिवशी सरांनीच विषय काढला. मी बघितलं हे त्यांना कळलं होतं. सुरुवातीला त्यांनी नवरा म्हणून सांगून बघितलं होतं, हात धरून बघितलं होतं. काकू चावल्या होत्या. "माझ्यासंगं भांडती ती. परक्यासंगं लई मानानं वागती." हे सांगताना ते हसले, आणि मलाही हसायला आलं, पण आम्ही दोघंही लगेच थांबलो. मग मी विचारलं की आभाळाचं मोठ्यानं कशाला म्हणायचं, रस्त्यावर लोक हसतात. सर म्हणाले, "हसतेत म्हणजे माझ्याकडं बघतेत. तोवर माझ्या मागं कोण बसलंय ते कुणी बघत न्हाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांत लोहाऱ्याहून निरोप आला, सरांचे चुलतभाऊ गेले. सरांना जाणं भाग होतं. ते सकाळच्या गाडीनं गेले आणि दिवस मावळायच्या आत येतो म्हणाले. दुपारनंतर फोन आला. येताना एसटी वाटेत बंद पडली होती, दुसऱ्या गाडीत बसवून देतात म्हणे. "उशीर झाला तर दारात उभार," ते म्हणाले. पुढचं काही ऐकू आलं नाही, रेंज गेली.

काकू दिवसभर छान होत्या. आम्ही शेंगा फोडल्या. जळकोटची म्हणजे तू माझ्या माहेरच्या वाटेवरची, हे त्यांनी मला तिसऱ्यांदा सांगितलं. मग भिंतीवरचं ऊन वर सरकायला लागलं आणि त्या गप्प झाल्या. माझ्याकडं बघून तोंडभर हसल्या, ओळख नसलेल्या माणसाकडं हसतात तसं. उठून आत गेल्या. मला केस विंचरल्याचा आवाज आला.

मी दारात जाऊन उभी राहिले. एक पाय आत, एक बाहेर. हात चौकटीला पुरेनात. टपरीवरून कुणीतरी बघत होतं, माझे कान गरम झाले. बांगड्यांचा आवाज मागं येऊन थांबला.

"उचलायलंय," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

काकू पुढं आल्या, माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "पोरी, तिन्हीसांजेला असं उंबऱ्यात उभारू नये गं," त्या म्हणाल्या. आणि माझ्या हाताखालून वाकून सरळ बाहेर गेल्या. मी परका पुरुष नव्हते. माझ्यासाठी थांबायची त्यांना काय गरज होती.

त्याच वेळी मागच्या खोलीतला आवाज चढायला लागला. गणित बिघडत होतं, काही आठवड्यांचं चाललेलं काम होतं. मी एकदा आत बघितलं, एकदा रस्त्याकडं. काकू भराभर चालत होत्या. मी चपला न घालताच त्यांच्या मागं पळाले. गल्लीच्या तोंडापर्यंत ती किंकाळी ऐकू येत होती. जाधव काकू खिडकीत येऊन काय झालं गं म्हणून विचारत होत्या. मी थांबले नाही.

मी त्यांना अडवलं नाही. हात धरला असता तर त्या रस्त्यात ओरडल्या असत्या, आणि मग ते पुण्यापर्यंत गेलं असतं. ते तसंही जाणारच होतं. महेशचा फोन यायची वेळ झाली होती. मी नुसती बाजूनं चालत राहिले. काकूंना त्याचं काही वाटलं नाही. चल, गाडी लागली असंल, एवढंच म्हणाल्या.

स्टँड जवळच आहे. तिथं त्या वेळी गर्दी कमी होती. कडेच्या बाकावर आम्ही बसलो. वरची ट्यूबची नळी लागत होती, विझत होती. फलाटाच्या टोकाला, जिथं उजेड पोचत नाही, तिथं बोट करून काकू म्हणाल्या, "ती बघ अव्वा. घ्यायलाच आलीय." मी बघितलं. तिथं कुणी नव्हतं, निदान मला दिसलं नाही. नळी विझली, पुन्हा लागली. काकूंनी हात हलवला. आणि मग मला म्हणाल्या, हलव की हात, पाहुणी हायस तू. मी हात हलवला. मला त्या अंधाराची भीती वाटत होती आणि तरी ओळख देणं बरं वाटत होतं.

एक गाडी येऊन थांबली. माणसं उतरली आणि त्यांत सर होते, धोतराला माती लागलेली, हातात रिकामी पिशवी. त्यांनी आम्हाला बघितलं आणि जागच्या जागी थांबले. मी उठायला लागले तर त्यांनी हातानंच बस म्हणून खुणावलं. टोपी नीट केली. मग हळूहळू बाकापाशी आले.

"हितं बसलं तर चालंल का बाई?"

काकूंनी पदर घेतला आणि सरकून जागा दिली. "बसा की. आळंदचीच गाडी बघायलाव का तुम्ही?"

"व्हय. आळंदचीच."

माझा फोन वाजला. महेश होता. आई कुठं आहे, त्यानं विचारलं. घरी कुणी फोन उचलत नाही म्हणून त्यानं मला लावला होता. सरांनी फोन मागून घेतला.

"हाय की, माझ्या बाजूला बसलीय," ते म्हणाले. "घरी न्हाय. आम्ही दोघं मिळून बाहेर पडलोय." मग ऐकत राहिले. पलीकडून बराच वेळ काही बोललं जात होतं. "एकटी न्हाय गेली ती, महेश," सर शेवटी म्हणाले. "मी संगं हाय. उद्याबी आसंन." त्यांनी फोन मला परत दिला. महेश अजून फोनवरच होता. मग त्यानं हळूच विचारलं, आईनं स्वेटर घातलाय का. मी हो म्हणाले. त्यानं फोन ठेवला.

मला सरांना मशीनचं सांगायचं होतं. त्यांनी विचारलं नाही, आणि मग मीही सांगितलं नाही.

"गावाकडं कोण असतं तुमच्या?" काकू त्यांना विचारत होत्या.

"चुलतभाऊ होता. आज त्यालाच पोचवून आलो."

काकूंनी च् च् केलं. "लग्न झालंय न्हवं?"

"झालंय की."

"मग एकटेच कसे?"

सर फलाटाकडं बघत होते. "बायको माहेराला गेलीय," ते म्हणाले. "तिला आणायला निघालोय."

"येती म्हणती का?"

"काही म्हणत न्हाय अजून."

काकूंनी पिशवी दोघांच्या मधून काढून आपल्या पायाशी ठेवली. "येईल," त्या म्हणाल्या. "पर वढून आणू नका तिला. तुम्हीबी चार दिस ऱ्हावा तिथं."

"बरं," सर म्हणाले.